न उलगडल्याची शपथ

प्रिय नुमेरिउस,

आज सकाळी नगराचे मुख्य न्यायाधिकारी प्रेतोर यांच्यापुढे मी शपथ घेतली, की फिलेता गुलाम की मुक्त, हे प्रकरण मला उलगडत नाही; आणि न्यायाधीशाच्या आसनावरून उतरलो. गुलामाला स्वतःच्या स्वातंत्र्यासाठीही बोलता येत नाही, म्हणून तिचा आवाज होऊन तू तिच्या शेजारी उभा होतास. माझा हात हाती घेऊन तू म्हणालास, "गुरुजी, मला कळत नाही हे चारचौघांत सांगायला तुमच्यासारखाच माणूस लागतो." वाक्याची बांधणी निर्दोष होती. फिलेताने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती आपल्या तान्ह्या मुलीचे अंगडे सारखे करत राहिली. आई गुलाम ठरली तर तीही गुलाम.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, हे तुला मीच शिकवले. एका सदोष उच्चारासाठी तुझी भाषणे अर्ध्यावर तोडली. परवा स्नानगृहात मात्र रुतिलुस, फिलेताचा मयत मालक फुल्विउस याचा पुतण्या आणि वारस, माझ्याशेजारी येऊन बसला. अंगाला तेल चोळत हसून म्हणाला, "काकांनी तिला पंगतीत सर्वांदेखत मोकळी केली हो. मी तिथेच लोडाला टेकून अंजीर खात होतो. बाकीचे पाहुणे आता मृतांच्या नदीपल्याड पोचले. सिद्ध कोण करणार? तुम्ही?" मग त्याने माझ्या मुलाच्या निवडणुकीची आपुलकीने चौकशी केली. त्याच्या शब्दावर किती मते फिरतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

तिच्याविरुद्ध निकाल देण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो. तिच्या बाजूने देण्याइतका धीट नव्हतो. ती शपथ ज्याला खरोखरच दिसत नाही त्याच्यासाठी आहे. मला लख्ख दिसत होते.

उद्या प्रेतोर नवा न्यायाधीश नेमतील. मी आता न्यायाधीश उरलो नाही, म्हणजे साक्षीदार होऊ शकतो. मला बोलाव. रुतिलुसचे शब्द मी जसेच्या तसे सांगेन. मग कोणीतरी विचारीलच, की हे आधीच ठाऊक होते, तर शपथ कसली घेतलीत. तो प्रश्न परक्यावर सोडू नकोस, तूच विचार. आणि उत्तर देताना मी अडखळलो, तर मी तुला थांबवत असे तसाच मला थांबव, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लाव.

तुझाच, तुझ्या बोलावण्याची वाट पाहणारा,
सेर्विउस