पट्टीखालचा पापुद्रा

९ ऑगस्ट

दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझे मेहुणे अजूनही कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतात. वहिनी म्हणते, तू पाय उशीवर ठेवून खाटेवरूनच गिऱ्हाइकांना कपड्याची अक्कल शिकवतोस. म्हणजे शिंप्याचं दुकान नुसत्या जिभेवरही चालतं तर!

आज प्रयोगशाळेत तुझ्याच पेशी बघत होते. तुझ्या मांडीच्या कातडीतून काढलेल्या. जखम भरणारं प्रथिन जास्त बनवावं म्हणून आम्ही त्यांच्यात एक जनुक घातलंय. बशीत मस्त दाटीवाटीने वाढल्यात. बघता बघता माझा शाळेचा फ्रॉक आठवला. कुंपणावरून उडी मारताना टरकन फाटलेला. आईला कळू नये म्हणून तू असं ठिगळ लावलंस, की फाटलेली जागा मलाच सापडेना. मी सारखी आतली बाजू उलटून बघायचे आणि तू खेकसायचास, "हात लावू नकोस गं, उसवेल!"

मग पायाच्या जखमेवरची पट्टी का उघडलीस, दादा?

डॉक्टरांना सांगितलंस, "ठिगळ आपोआप गळून पडलं." त्या भल्या माणसाने विश्वासही ठेवला. वहिनीने मला खरं सांगितलं. रोज सकाळी कात्रीच्या टोकाने पट्टीची कड उचलून 'धरलंय का' ते बघायचास म्हणे. अरे, तो पेशींचा पापुद्रा होता, सदऱ्याची शिलाई नव्हे! तुझ्या तपासणीपायी पट्टीबरोबर सोलून निघाला.

विनोद करतेय, कारण पुढचं कसं लिहावं कळत नाही. काल डॉक्टरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं. "ताई, जखम हाडापर्यंत पोचत आलीय. पाऊल काढावं लागेल. माझं ऐकाल तर आताच काढू."

उजवं पाऊल, दादा. मशीनचं. त्याच्या ठेक्यावर मी पाढे पाठ केलेत.

मी म्हटलं, "अजून एकदा पापुद्रा लावून बघा. या वेळी तो पट्टीला हात लावणार नाही."

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

त्यांनी हातातले कागद मिटले. मग म्हणाले, "बरं. पण हा शेवटचा."

सोमवारी तुला न्यायला येतेय. पट्टी सुटेपर्यंत माझ्याच घरी राहायचं. कात्री आणायची नाही. अगदीच राहवलं नाही, तर मला उठव, चिड, भांड. पण हात आवर.

तुझ्या वतीने शब्द देऊन बसलेली,
तुझी धाकटी