फ्रीझमधले अंगठे

गुरुवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

रविवारी आमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सोडायची म्हणून कोड फ्रीझ केलाय. नवीन काही घालायचं नाही, आहे तेच वापरून चुका शोधायच्या. चाचणीची आवृत्ती आम्हा काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांचे अंगठे आले. किती बरं वाटलं होतं मला!

आज ती बायकोच्या लॅपटॉपवर टाकली, तर उघडतच नाही. एक फाइल आत घालायचीच राहिली. माझ्या मशीनवर ती आधीपासून होती, म्हणून मला कळलं नाही. पण बाकी कोणाकडेच उघडली नसणार. मग ते अंगठे कशाचे?

कन्हानच्या प्रवीणला फोन केला. प्रोग्रॅम आम्ही दोघांनीच सुरू केलेला.

"काहून गा, उघडून पाहिलं होतं का?"

"नाही गा. मले वाटलं, बाकीचे पाहून राहिले असतील."

बाकीचे! गावोगावचे दवाखाने पेशंटच्या औषधांच्या नोंदी यात ठेवतात. सोमवारी सकाळी नर्स मशीन लावेल आणि... चिडू तरी कोणावर? पगार कोणालाच नाही.

ग्रुपवर लिहिलं, "चाचणीची आवृत्ती उघडत नाही. दुरुस्त करून टाकतो. उद्या कोण तपासेल?"

लगेच एक अंगठा आला. मग दुसरा. मग प्रवीणचा.