मास्तरीणबाई सुटल्या, अण्णा

प्रिय अण्णा,

पुस्तक काल संपलं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या चिनी मास्तरीणबाई अजून छावणीतच होत्या. शेवटची थोडीशीच प्रकरणं उरली होती. ही काय जायची वेळ होती का? एवढं सगळं ऐकलंत आणि ऐन शेवटाला उठून गेलात. म्हणून हे पत्र. "मेल्यावर माणूस ऐकत नसतो, सुनबाई," असं तुम्ही नक्की म्हणाला असता. ठीक आहे, नका ऐकू. मी सांगते.

ते पुस्तक घरात आलं कसं, आठवतं? मी बारावीचे पेपर तपासायला लातूरला गेले होते आणि तिथल्या पुस्तक प्रदर्शनातून ते घेऊन आले. इतिहास शिकवते म्हणून असली पुस्तकं घेते, एवढंच. तुम्ही तेव्हा नुकतेच आमच्याकडे अहमदपूरला राहायला आला होतात. नजर पार गेली, आता गावी एकटं राहणं जमेना, म्हणून यांनी तुम्हाला हिमायतनगरहून आणलं. सोबत एक पिशवी आणि चीनच्या त्या मोठ्या नेत्याचा फोटो. "अण्णा, टॉवेल राहिला अन् फोटो बरा आणला," असं हे म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "टॉवेल तुझा वापरीन. फोटो आहे का तुझ्याकडं?"

चाचपडत तुम्हीच तो कॉटच्या वर लावला. तिरका लागला होता. आम्ही कुणी तो सरळ केला नाही.

तुमचं सगळं आयुष्य लाल बावट्याखाली गेलं. शेतमजुरांना धड मजुरी मिळावी म्हणून तुम्ही गावोगाव फिरलात, लाठ्या खाल्ल्या. सासूबाई सांगायच्या, की लग्नानंतर नवरा घरी कमी आणि मोर्चात जास्त दिसला. अशा माणसासमोर मी ते पुस्तक मुद्दाम काढणार नव्हते. मी कॉलेजातून आले, की चहाबरोबर तुम्हाला पेपर वाचून दाखवायची. एक दिवस पेपर आला नाही.

"मग तू काय वाचून राहिलीस, तेच वाच की," तुम्ही म्हणालात.

"अण्णा, ते इंग्रजी आहे. चीनमधल्या एका बाईनं लिहिलंय. तुमच्या लोकांनी तिचा छळ केला, त्याबद्दल."

"मग तर वाचच. कुठं खोटं बोलली ते मी सांगतो."

मी एकेक वाक्य मराठी करत वाचू लागले. बाई एका लहान शहरातल्या शाळेत गणित शिकवायच्या. वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि घरात भूमितीचं एक परदेशी पुस्तक सापडलं, एवढाच त्यांचा गुन्हा. एका सकाळी त्यांच्याच वर्गातली पोरं आली. त्यांनी बाईंना मैदानात ओढत नेलं, गळ्यात 'जनतेची शत्रू' अशी लाकडी पाटी अडकवली आणि दिवसभर वाकवून उभं केलं. पाटीची तार मानेत रुतत होती. ती तार ज्यानं वळली, तो त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता.

तुम्ही हात वर केलात. "बंद कर."

चहा तसाच राहिला. नंतर कितीतरी दिवस तुम्ही फक्त पेपर ऐकलात, तोही बाजारभावाचं पान. मला वाटलं, संपलं हे. आणि मग एकदा पेपराची घडी घालत असताना तुम्ही हळूच म्हणालात, "सुनबाई, अर्ध्यात उठलेली सभा मला आवडत न्हाई. वाच पुढचं."

काय दिवस होते ते, अण्णा. कॉलेजातले शेवटचे तास मी घाईघाईनं उरकायची. तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसलेले, आणि मी चपला काढायच्या आधीच तुमचा प्रश्न, "आज कुठवर जाऊ?"

बाईंना दूरच्या छावणीत डुकरं राखायला पाठवलं, ते प्रकरण तर आपण परत परत वाचलं. त्यांनी काय केलं? ज्या पुढाऱ्यांनी त्यांच्यावर आरोप ठेवले होते, त्यांची नावं डुकरांना दिली. मोठ्यानं हाक मारायची सोय नव्हती, म्हणून मनातल्या मनात. पण बाई भल्या. रोज त्यांना पोटभर खाऊ घालायच्या आणि म्हणायच्या, बघा साहेब, माझ्या राज्यात कुणी उपाशी राहत नाही. तुम्ही इतके हसलात, की ठसका लागला. शेजारच्या काकू पाणी घेऊन धावत आल्या.

आणि ती आत्मटीका! दर आठवड्याला छावणीत सगळ्यांसमोर उभं राहून आपले गुन्हे कबूल करायचे. बाईंचे खरे गुन्हे कधीच संपले, मग त्या नवे बनवू लागल्या. 'मी नजरेनं दुसऱ्याचं रताळं खाल्लं,' असं त्यांनी कबूल केलं आणि अधिकाऱ्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही जेवताना उभे राहिलात आणि यांच्यासमोर म्हणालात, "मी आत्मटीका करतो. काल सुनबाई कॉलेजात असताना मी दोन भजी खाल्ली. शुगर असताना." हे कपाळाला हात लावून बसले. तुम्हाला भजी कुणी आणून दिली, ते मला तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. छावणीत तुम्ही टिकला असता.

पण सगळं काही हसण्यावारी गेलं नाही. बाईंचा नवरा भुकेनं गेला आणि त्यांना महिन्यांनी कळलं, ते वाचलं तेव्हा तुम्ही कॉटवरचा फोटो चाचपलात. मग म्हणालात, "तो फोटो काढू नको. त्याच्या नावानं जे लढलो, ते खोटं न्हवतं. पण तोंड भिंतीकडं कर." मी फोटो उलटा केला. तो आता सरळ लागला.

त्यानंतर हिमायतनगरला जुन्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात तुमचा सत्कार ठेवला. मीच तुम्हाला घेऊन गेले. सगळ्यांना वाटलं, अण्णा नेहमीचंच बोलणार. तुम्ही उभे राहिलात आणि गणिताच्या मास्तरीणबाईंची गोष्ट सांगितलीत. शेषेरावकाका पुढच्या रांगेतून उठले. तरुणपणापासूनचे तुमचे जोडीदार, दोघांनी एकत्र तुरुंग पाहिलेला.

"अण्णा, डोळे गेले ते गेले, डोकं बी गेलं का?"

"डोळे गेले म्हणून तर कानानं ऐकायला लागलो, शेषेराव," तुम्ही शांतपणे म्हणालात. "मजुरासाठी मी आजबी मार खाईन. पण मास्तरणीच्या गळ्यात पाटी घालायची, ह्याला मी लढाई म्हणणार न्हाई."

काका हार न घालताच निघून गेले. नंतर तुम्ही दोनदा फोन लावायला सांगितलात, त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी फोन वाजला की तुमची मान वळायची, ते मला दिसत होतं.

थंडी सरता सरता एका सकाळी तुम्ही झोपेतच गेलात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे कुठलेही विधी केले नाहीत. पुष्कळ लोक आले. काका आले नाहीत. मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

महिनाभरानं दुपारच्या एसटीनं ते आले. घामाघूम, हातात केळी. तुमच्या रिकाम्या कॉटकडं बघत बसले. पाणी दिलं, चहा दिला. कप खाली ठेवून म्हणाले, "पोरी, ती मास्तरीण जगली का?"

"मलाच माहीत नाही, काका. आमचं वाचायचं राहिलंय."

मग ते रडले. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत? तरुणपणी गावच्या मालकाचा मुनीम तुमच्या कार्यकर्त्या पोरांच्या तावडीत सापडला होता. मजुरांना फार नाडलेला माणूस. काकांनी त्याच्या तोंडाला काळं फासायची, गाढवावरून धिंड काढायची तयारी केली. गाढव आणलं, गर्दी जमली. तुम्ही मुनीमाच्या पुढं उभे राहिलात आणि म्हणालात, "कोर्टात ओढा. मजुरी वसूल करा. पण आधी माझं तोंड काळं करा, मग त्याचं." तुमचेच साथी तुम्हाला गद्दार म्हणाले. धिंड मात्र निघाली नाही.

"त्या दिवशी सभेत मला वाटलं, अण्णा चारचौघांत मलाच बोलून राहिले," काका म्हणाले. "म्हणून उठलो."

पुस्तकातली पाटी ऐकून तुम्ही 'बंद कर' का म्हणालात, ते मला त्या दिवशी कळलं.

मी पुस्तक काढलं. मग काका अधूनमधून येत राहिले आणि उरलेली पानं आम्ही दोघांनी वाचली. तर ऐका. बाई सुटल्या. त्याच शाळेत परत गेल्या. एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात तो तार वळणारा हुशार विद्यार्थी, आता बाप झालेला, सोबत त्याची लेक. मान वर होईना त्याची. म्हणाला, हिला गणित येत नाही, दुसरीकडं कुठं नेऊ? बाईंनी दार पुरतं उघडलं. मग मुलीला म्हणाल्या, आत ये, पाढे कुठवर येतात?

काका उठले. पिशवी उचलून बसस्थानकाकडं गेले. आणि आज सकाळी त्यांचा फोन आला. त्या मुनीमाचा मुलगा हिमायतनगरला किराणा दुकान चालवतो. काकांनी आजवर त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. आज चढले.

"आपलं नाव सांगितलं," काका म्हणाले. "त्यानं स्टूल दिलं, चहा पाजला. बोलला, माझा बाप मरेपर्यंत अण्णांचं नाव घेत होता. पोरी, तासभर बसलो आम्ही. अण्णाबद्दलच बोललो."

अण्णा, मी पुढच्या रविवारी हिमायतनगरला चालले आहे. काकांनी जुन्या मंडळींना बोलावलंय आणि मुनीमाच्या मुलालाही. हेच पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं ठरलंय. कुणी 'बंद कर' म्हणालं, तर मी थांबेन आणि त्यांना वेळ देईन, जसा तुम्ही घेतलात. पण पुस्तक अर्ध्यात सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुमची वाचून दाखवणारी,
सुनबाई