दुसरा बिल्ला

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर
१७ डिसेंबर १९७२

ती. निंगप्पाअण्णांस,
धाकटी बहीण दाक्षायणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं शेवटचं कार्ड दसऱ्याला आलं. त्यात सहा ओळी होत्या, त्यातल्या दोन बैलाच्या तब्येतीबद्दल. बैलाला माझा नमस्कार सांगा. वहिनींचा गुडघा कसा आहे तेही कधी कळवत जा.

पाकिस्तानातून आपले कैदी सुटून आले हे तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. शेजारचे कासीमभाई, पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांनी पेपरातली सगळी नावं मला दोनदा वाचून दाखवली. आपल्या शिवूचं नाव नाही. त्याचं विमान पडून वर्ष झालं. दोघंच होते त्यात. पायलटचा देह त्यांनी परत दिला. माझ्या मुलाबद्दल मात्र तेच एक वाक्य, की तपास लागलेला नाही.

आता हवाई दलाकडून कागद आलाय. फ्लाइट लेफ्टनंट शिवयोगी याला मृत समजण्यात येत आहे, खाली आईची सही. दीर स्वतःचं पेन उघडून बसले होते. मी सही केली नाही. भावकीत सगळे म्हणतात, बाई हट्टाला पेटलीय. तुम्ही तर मला लहानपणापासून भांडकुदळ म्हणता, तेव्हा तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही.

पण अण्णा, माझ्याजवळ कारण आहे. शेवटच्या सुट्टीत शिवू आंघोळीला बसला तेव्हा त्याच्या गळ्यात इष्टलिंगाच्या दोऱ्याबरोबर आणखी एक दोरा दिसला. त्यात नाव-नंबर कोरलेले दोन बिल्ले. मी चेष्टा केली, की तुला एक देव पुरत नाही का रे. तेव्हा त्याने सांगितलं, की हे दोन अशासाठी असतात. माणूस गेला तर एक बिल्ला त्याच्याजवळ राहतो आणि दुसरा घरी येतो. मग तुम्हीच सांगा, दुसरा बिल्ला घरी आलेला नसताना शिवू गेला असं मी कसं लिहून देऊ?

रोज दोन भाकरी थापते. हात ऐकत नाही. उरलेली सकाळी मीच खाते. बाकी ठीक.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो कार्डावरही थोडा दिसू द्या.

तुमची,
दाक्षायणी


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. लिंबवाडी, वैराग
८ जानेवारी १९७३

चि. दाक्षायणीस,
निंगप्पाचे अनेक शुभाशीर्वाद.

पत्र पोचलं. बैलाला तुझा नमस्कार सांगता आला नाही, विकला. चारा नाही. विहिरीचा तळ दिसतोय. तुझी वहिनी तो गुडघा घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते आणि मी घरी तिच्यापेक्षा जास्त कण्हतो.

तुला धीर यावा म्हणून आज एक गोष्ट लिहितो. कुणाला सांगणार नाही अशी आप्पांनी माझ्याकडून विभूतीवर शपथ घेतली होती. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली, आणि तू काही परकी नव्हेस.

आपल्या बांधावर लिंबाखाली समाधी आहे ना, फिरत्या स्वामीची म्हणून सांगतो ती, ती स्वामीची नाही. चव्वेचाळीस साली भादव्यात इंग्रजांचं लढाईचं विमान डोंगराला धडकलं. तू तेव्हा सासरी होतीस. बाकीचे डोंगरावरच जळून गेले. एक पोरगा हवाई छत्री घेऊन आपल्या तुरीत पडला, पण छत्री नीट उघडलीच नव्हती. तांबूस केसांचा, विशीतला. आप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पळीनं पाणी पाजलं. तो काहीतरी बोलत होता, आम्हा दोघांना एक अक्षर कळलं नाही. दिवस मावळायच्या आत गेला.

शिपाई आले, गावात विचारपूस करून गेले. आप्पांनी सांगितलं, आम्ही काही बघितलं नाही. तीस साली मार्शल लॉ होता तेव्हा गांधी टोपी घातली म्हणून सोलापुरात गोऱ्यांनी आप्पांची पाठ फोडली होती, ते वळ तूही बघितलेस. मेलेला गोरा आपल्या रानात सापडला, तर तो आभाळातून पडला हे कोण खरं मानणार, ही त्यांची भीती.

पण त्याला तसाच पुरला नाही गं. आंघोळ घालताना त्याच्या गळ्यात दोरा दिसला, त्यात दोन चकत्या, एक लाल गोल, एक हिरवी आठ कोपऱ्यांची. आप्पांचं म्हणणं पडलं, की हा बी गळ्यात देव बांधून हिंडतोय, म्हंजी आपल्यातलाच की. मग आपल्या रीतीनं सगळं केलं. विभूती लावली, बेल वाहिला, खड्ड्यात मांडी घालून बसवला आणि लाल चकती त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली, आपण लिंग ठेवतो तशी. हिरवी उरली. ती घरातल्या देवळीत बसवण्णाच्या मागे आहे, अजून.

सांगायचं एवढंच, की परक्या मुलखातही माणसाला माणूस भेटतो. शिवूलाही तिकडं कुणीतरी मायेनं मातीत ठेवलं असेल. सही करून टाक आणि इकडं राहायला ये. अर्धी भाकरी आहे, ती तिघांत खाऊ.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
निंगप्पा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
२० जानेवारी १९७३

ती. अण्णांस,
दाक्षायणीचा नमस्कार.

गड्ड्याची जत्रा झाली. सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षतांना मी गेले नाही. सनई घरापर्यंत ऐकू येत होती आणि मी तुमचं पत्र मांडीवर घेऊन बसले होते.

त्या समाधीला मी माहेरी आले की दर खेपेला नारळ फोडला. शिवू तीन महिन्यांचा असताना त्याला तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि आयुष्य मागितलं. तिथं कुणाचा तरी मुलगा बसलाय हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही शेजारी उभे राहून खोबरं खाल्लंत!

धीर द्यायला लिहिलंत आणि होता तो धीर काढून घेतलात. दुसरा बिल्ला आला नाही, म्हणजे मुलगा आहे. या एका गोष्टीवर मी वर्षभर उभी होते. आता कळलं, की बिल्ला अठ्ठावीस वर्षं एखाद्याच्या देवळीत पडून राहू शकतो. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही. आपल्या आप्पांसारखा भला माणूस घाबरला की पुरे.

त्याची आई तिकडे काय म्हणत बसली असेल ते मला तोंडपाठ आहे. मी रोज तेच म्हणते. आप्पांची भीती मला समजते, पण इंग्रज जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुम्ही आता कुणाला भिता? ती हिरवी चकती पाठवा. नाहीतर पुढच्या एस.टी.ने मी येते आणि बसवण्णासकट उचलून नेते.

रागावले आहे, पण नातं तेच आहे. तेवढं सांभाळा.

दाक्षायणी


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. लिंबवाडी
४ फेब्रुवारी १९७३

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

कंडक्टर धुळाप्पाजवळ डबी दिली आहे. वर शेंगाची चटणी आहे, खाली फडक्यात चकती. त्याला चटणीच सांगितली.

पहिल्यांदा वाटलं, तुला लिहावं की सरकार येईल, समाधी उकरेल, गावाची श्रद्धा आहे, आप्पांच्या नावाला बट्टा लागेल. तसं पत्र लिहिलंही होतं, फाडलं. खरं सांगू का, दर श्रावणात देवळी झाडताना मी ती चकती हातात घ्यायचो, पुसायचो आणि परत ठेवायचो. आज बोललो तर लोक विचारतील, इतकी वर्षं गप्प का होतास. या एका प्रश्नाला भिऊन मी आणखी वर्षं घालवली. तू तो प्रश्न विचारलासच. बरं झालं.

तुझी वहिनी म्हणाली, की हे तिला पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर चकती केव्हाच पोचली असती. घरात भांडखोर बाया दोन आहेत हे मी विसरलो होतो.

माफी मागायला शब्द सुचत नाहीत, एवढ्यावरच भागवून घे.

निंगप्पा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
१९ ऑगस्ट १९७३

ती. अण्णांस आणि वहिनींस,
दाक्षायणीचा शि. सा. न. वि. वि.

चटणी फार तिखट होती. पाऊस बरा आहे असं धुळाप्पाने सांगितलं, ऐकून बरं वाटलं.

चकतीवर डब्ल्यू. टॅरंट असं नाव निघालं. कासीमभाईंनी ब्रिटिश वकिलातीला इंग्रजीत पत्र लिहिलं, तुमच्या पत्रातलं सगळं, पळीनं पाजलेल्या पाण्यासकट. चकती रजिस्टर टपालाने गेली. त्यांनी शेवटी न विचारता माझ्या शिवूबद्दलही दोन ओळी घातल्या. मी रागावले नाही.

परवा विलायतेहून उत्तर आलं. त्याच्या आईचं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. मुलाचं नाव विल्फ्रेड, घरात विल्फी. पाचांपैकी चौघंच सापडले असं तिला तेव्हा कळवलं होतं. सापडला नाही म्हणजे आहे, असं ती धरून बसली. कधी वाटायचं, डोक्याला मार लागून सारं विसरला असेल, हिंदुस्थानात कुणी ठेवून घेतला असेल, त्याला बायको असेल, मुलं असतील. ती मुलं काय खात असतील असाही विचार ती करायची. अण्णा, हे वाचताना कासीमभाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

तिने लिहिलंय, त्याला हलवू नका. वकिलातीलाही तिने तसंच कळवलंय. लहानपणी तो एका जागी कधी बसला नाही म्हणे, आता बसलाय तर बसू दे. आप्पांच्या मांडीबद्दल तिने आभार मानलेत. आपण उशीर केला त्याबद्दल एक शब्द नाही. मला तो शब्द हवा होता.

त्या दिवशी मी कासीमभाईंना विचारलं, की तिकडे कुणी शिवूला माती दिली असेल तर कसा ठेवला असेल. ते म्हणाले, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. शिवू जन्मभर डाव्या कुशीवर झोपला. मी म्हटलं, चालेल.

कागदावर सही केली. आता सांजच्याला एकच भाकरी थापते. ती फार लहान दिसते परातीत. तुमच्याकडे येईन, पण एवढ्यात नाही. पत्ता बदलायला नको, कारण माझी वाट पाहणं संपलेलं नाही, फक्त शिवूची पाहायची ती आता बिल्ल्याची पाहते. तिकडे कुठल्यातरी गावात एक म्हातारा असेल. त्यानेही माझ्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं असेल, पाणी पाजलं असेल, आणि मग शिपाई दारात आल्यावर आप्पांसारखाच घाबरला असेल. त्याच्या कोनाड्यात तो बिल्ला असेल. मी त्याला शिव्या देत नाही. सिद्धरामाकडे रोज एवढंच मागते, की त्या घरात एक भांडकुदळ बहीण असू दे.

तुमचा लोभ पुरून उरतो आहे.

तुमची,
दाक्षायणी