सतरावं पॅनेल

५ ऑगस्ट १९९६, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. नेरूळ स्टेशनबाहेर लॅबच्या बससाठी मी पंचवीस मिनिटं आधीच जाऊन उभी राहिले. उरण रस्त्याला लागलं की खाडी, मिठागरं, कंटेनरचे ढीग, आणि मग एकदम आमचं कुंपण. संध्याकाळी लातूरला फोन केला. विमानाचे भाग बनवतात तिथं लागले म्हटल्यावर आईनं विचारलं, म्हणजे तुला विमानात फुकट बसवणार का. हसून हसून एसटीडीवाल्याचे युनिट वाढवले.

इथं कार्बनचं काळं कापड रेझिनमध्ये भिजवतात, थरावर थर रचतात, वर हवाबंद पिशवी चढवतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे आडवा प्रेशर कुकर, फक्त आत माणूस ताठ उभा राहील एवढा. हवेऐवजी नायट्रोजन भरतात. बाहेर येतं ते पॅनेल मी एका हातानं उचललं, आणि त्यावर म्हणे ट्रक उभा राहील. माझं काम दोन प्रकारचं: लॅबच्या दहा वर्षांच्या संशोधनाचा ग्रंथ जुळवायचा, आणि दर मंगळवारी भट्टी चालू असताना पाच-पाच मिनिटांनी रीडिंग लिहायची.

संचालक डॉ. नंदकिशोर सबनीस यांनी स्वतः सगळं दाखवलं. व्हरांड्यात काचेच्या कपाटात सतरावं पॅनेल आहे, १९९१ सालचं. तेवढं मजबूत पुन्हा एकदाही जमलेलं नाही. सरांचे सगळे निबंध त्या एका पॅनेलवर उभे आहेत. सर त्याच्यापाशी आवाज खाली आणून बोलतात.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज भट्टी. ऑपरेटर सितारामकाका उरणच्या मोरा बंदराचे, पन्नाशीचे. घरची होडी भाऊ चालवतो, हे इथं. मला 'बाय' म्हणतात. पारा नव्वदवर गेला आणि आतून ठोके आले. तीन. थांबून पुन्हा तीन. मी काकांकडे पाहिलं तर ते भिंतीकडे बघत होते. सर म्हणाले, लोखंड तापलं की वाजतंच. पटलं. रीडिंगपुढे ठोक्यांची नोंद केली, तर सरांनी ती नंतर खोडायला लावली.

९ ऑगस्ट, शुक्रवार

झाडलोट करणाऱ्या रखमाबाई जिंतूरच्या निघाल्या. आपल्याकडचं कोणी भेटलं की डबाही जास्त लागतो. त्यांचे यजमान अंकुश इथेच हेल्पर होते. पाच वर्षांपूर्वी एक दिवस कामावर आले आणि घरी परतले नाहीत. ऑफिसनं सांगितलं, आखाताला पळून गेला. मग सरांनी मेहरबानी म्हणून बाईंना कामावर घेतलं. कपाळावर कुंकू अजून ठसठशीत आहे. म्हणाल्या, "माझा माणूस भांडून जाईल, पण सांगितल्याबिगर जायचा न्हाई, ताई."

माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांना दिली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा नव्वदला. पुन्हा तीन. आज मी लोखंडाला हात लावून पाहिला. ठोके एका जागी नव्हते. दारापासून मागं गेले, मागून दाराशी आले. लोखंड चालत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

ग्रंथासाठी सतराव्या पॅनेलचे मूळ कागद शोधत होते. निबंधात भाजण्याचा वेळ चार तास दिलाय. तळघरात यंत्रानं काढलेल्या आलेखाची गुंडाळी सापडली. तिच्यावर सात तास आहेत. म्हणजे पाच वर्षं सगळे चुकीचा वेळ लावून तेच पॅनेल पुन्हा बनवायला बघतायत, आणि ज्यांना खरा वेळ माहीत आहे ते गप्प आहेत.

गुंडाळीवर तारीख होती: १२ फेब्रुवारी. हजेरीचं जुनं रजिस्टर काढलं. त्या दिवशी अंकुश आत आल्याची सही आहे. बाहेर गेल्याची नाही.

आजही ठोके होते.

२१ ऑगस्ट, बुधवार

व्हरांडा धुवायचा म्हणून कपाट सरकवलं होतं. रखमाबाई पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मी मागच्या बाजूनं पाहिलं. पॅनेलची पुढची बाजू आरशासारखी आहे. मागच्या बाजूला पंजा उमटलाय. उजवा. पाची बोटं, तळव्याच्या रेषासुद्धा. रेझिन नव्वदला पातळ होतं, तेव्हा दाबल्यासारखा.

कपाट मी एकटीनं परत भिंतीला लावलं. रखमाबाईंना दिसू नये म्हणून. की मला दिसू नये म्हणून.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सितारामकाकांना विचारलं. जेट्टीच्या बसस्टॉपवर, भट्टी आटोपून सुटल्यावर. आधी उठून गेले, मग परत आले.

"अंकुश आत पिशवीची गळती बघत व्हता. सायबांना घाई, दुसरे दिशी दिल्लीचे पाव्हने. बोलले दार लाव. मी लावलं, आत बघलं नाय. मंग आवाज आला. मी सांगलं, सायब, कोन तरी ठोकतंय. ते बोलले, लोखंड हाय, आता उघडलं तर पॅनेल गेला."

मी विचारलं, सात तास का.

"उघडायची हिंमत नव्हती, बाय. दोघांना बी."

मग अंकुशला काकांच्या होडीतून, मोऱ्याच्या पुढं, खोल पाण्यात. एवढंच सांगून काका बसमध्ये चढले. रडले नाहीत. मीही नाही.

३० ऑगस्ट

गुंडाळी घेऊन पोलीस चौकीत जायचं ठरवलं होतं. ती ठेवलेला माझ्या टेबलाचा खण रिकामा. सरांनी बोलावून चहा दिला. नोकरी कायम करतो म्हणाले, फार शांतपणे. जुन्या कागदांना वाळवी लागते, ते जाळलेलेच बरे, असंही म्हणाले.

या मंगळवारच्या पॅनेलवर दोन बोटं उमटलीत. सरांनी स्वतः घासून काढली.

२ सप्टेंबर

रखमाबाईंना सांगितलं. सगळं. त्यांनी केरसुणी भिंतीला नीट उभी केली, मग खाली बसल्या. एवढंच विचारलं, उद्या भट्टी हाय का.

३ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी २.१० — ही वही रीडिंगच्या कागदांखाली आहे. रखमाबाई भट्टीच्या खोलीत आल्यात. काकांनी दाराला आतून कडी घातली. बाईंकडे बघवत नाही त्यांना. पाया पडायला वाकले, बाई मागं सरकल्या.

२.२५ — नव्वद अंश. तीन ठोके. रखमाबाईंनी बांगड्यांच्या हातानं लोखंडावर तीनदा वाजवलं. आतून लगेच उत्तर. मग थांबेचना, दोघांचं —

२.३० — दाब सोडायचं लाल बटण मी दाबून धरलंय. दाब उतरतोय. सहा बार. डाव्या हातानं बटण, उजव्यानं लिहितेय. पाच-पाच मिनिटांची सवय सुटत नाही.

२.३५ — चार. सर बाहेर दार बडवतायत. पॅनेल जाईल म्हणतायत. अजूनही पॅनेलच.

२.४० — दोन. आतले ठोके थांबले.

२.४५ — शून्य. भट्टीच्या दाराचं चाक फिरतंय. काका माझ्या शेजारी आहेत. रखमाबाई इथं आहेत. चाकाला कुणाचाच हात नाही.

उघडलं. आत अंधार, ट्रॉलीवर पॅनेल. माणूस नाही. कडी तुटली, सर आत घुसले, आम्हाला ढकलून थेट भट्टीत — पॅनेल उचलायला —

दार लागलं. आपोआप. चाक फिरलं.

काका चाकाला लोंबकळतायत, हलत नाही. सर आतून ठोकतायत. मोकळ्या हातानं, भराभर. नाव घेऊन ओरडतायत, माझं.

बटण दाबलेलंच आहे तरी दाबाचा काटा वर. अर्धा बार. एक. बटण सोडून पुन्हा दाबावं लागेल, नायट्रोजनचा मेन व्हॉल्व्हही बंद करायला हवा, तो माझ्या डाव्या हाताशीच — पोचते मी, एवढंच अंतर —

रखमाबाईंनी माझं डावं मनगट धरलंय. घट्ट. नुसत्या बघतायत माझ्याकडे, आणि मी ओढत नाहीये, मी हात का ओढत ना