लाल दोऱ्याचा ग्लास

३ फेब्रुवारी
पणजी होणार मी! चिमणीने, माझ्या नातीने, फोनवर सांगितलं आणि हातातली कढई सुटली. कढईला पोचा आला, भाजी जमिनीवर. जाऊ दे!

१० फेब्रुवारी
आनंदात विसरलेच होते. ती ब प्रकारची कावीळ माझ्या रक्तात आहे, लेकीच्या आहे, चिमणीच्याही आहे. बाळंतपणातच आईकडून लेकराला जाते म्हणे. आता बाळाला? दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप बसून असते मेली. ह्यांना लिव्हरचा कॅन्सर तिच्यामुळेच झाला. लोक म्हणायचे, 'चोरून पीत असणार.' थेंबाला शिवले नव्हते हे! तेव्हापासून माझा ग्लास वेगळा, त्याला लाल दोरा. कुणाचे पापे घेणं बंद.

२ मार्च
चिमणीची प्रयोगशाळा पाहिली. बाटल्यांत माणसाच्या लिव्हर-कॅन्सरच्या पेशी वाढवतात. माणूस जातो, पेशी जगतात — काय बाई! "आजी, ह्या पेशींच्या डीएनएमध्ये काविळीच्या विषाणूचा डीएनए घुसून बसलाय." मी जन्मभर शिवणकाम केलेली. म्हटलं, ठिगळासारखा? "अगदी!" मग उसव की! हसली. "ते अजून नाही जमत गं. पण बाळाला ठिगळ लागूच द्यायचं नाही. मी गोळ्या घेतेय. जन्मल्याबरोबर त्याला दोन इंजेक्शनं." बोलताना हात पोटावर.
चहाला मी पिशवीतून माझा ग्लास काढला. "आजी, ग्लासाने नाही गं पसरत!" — शिकलेली माणसं बोलतात. आपण आपलं जपावं.

१९ ऑगस्ट
मुलगी! दोन्ही मांड्यांत सुया टोचल्या. काय भोकाड पसरलं! नाक माझं. पापा मात्र रक्ताचा रिपोर्ट आल्यावर, म्हणजे नऊ-दहा महिन्यांनी.

४ नोव्हेंबर
चिमणीकडेच राहतेय, बाळाचं करायला. गाल असे फुगलेत की मलाच तोंड बांधून बसावं लागेल. पायांचे तळवे हुंगते. त्याला कोण अडवतंय?

१२ जून
बाळ स्वच्छ! काही नाही तिच्या रक्तात! लेक रडली, चिमणी रडली. मी आधी पापा घेतला, मग रडले. दुसरा घेतला. तिसरा.
चिमणी डोळे पुसत म्हणाली, "आजी, रागावू नकोस हं. पाणी प्यायला लागल्यापासून ती तुझ्याच ग्लासातून पितेय. दुसरा पुढे केला की तोंड फिरवते. तिला तो लाल दोरा लागतो."