चार गोण्या, तीन पर्याय

३ मार्च, पहाटे ५.१०
उठलो! आता रोज. ३१ मार्चला थिसिस दिला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, असं गाइड योगिनी मॅडमनी तिसऱ्यांदा बजावलंय. विषय सोपा. लोखंडाच्या खाणीतल्या टाकाऊ मातीचं काय करावं? ढीग तसाच ठेवावा, खड्ड्यात परत भरावी, की विटा पाडाव्यात? पर्यावरणाला कशाचा त्रास किती, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजायचं. आरामात होईल.

५ मार्च, सकाळी ९.४०
जरा उशीर झाला. वल्लरी सकाळीच करवादली. दोन वर्षं गॅलरी अडलीय, खाणीच्या मातीच्या त्या चार गोण्या लॅबला दे नाहीतर फेक म्हणे. अगं, ते सॅम्पल आहे! बायको बँकेत असली की हे असं. आणि टेस्ट कशाला? नेटवर आकडे आहेत.

१२ मार्च
आंबिवलीच्या वीटभट्टीवर निघालेलो. ऊन भयंकर. कल्याणला मिसळ खाऊन परत. भट्टीवाल्याचा नंबर मिळवला. हेही फील्डवर्कच.

१९ मार्च
सुटलं! विटांना कोळसा लागतो, खड्डा भरायला डिझेल. ढिगाला? काहीच नाही. परिणाम शून्य! वल्लरीला म्हटलं, गोण्या आहेत तिथेच असणं शास्त्रीय आहे. ती गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेली.

२४ मार्च
खालच्या दर्शनाताई आल्या. नर्स आहेत. वाळत घातलेल्या पांढऱ्या युनिफॉर्मवर लाल डाग पडतात म्हणे. मला तर वरच्या मजल्यावरच्या पानवाल्याचाच संशय. सोसायटीच्या ग्रुपवर थुंकणाऱ्यांना चांगलं झापलं. सतरा अंगठे आले. आमच्या बाळकुममध्ये कुणालाच शिस्त नाही.

२८ मार्च
मॅडमनी चॅप्टर वाचला. एकच प्रश्न: ढिगातून पाणी झिरपून खाली काय जातं, ते कुठे धरलंय? म्हटलं, नगण्य. त्या म्हणाल्या, टेस्ट दाखव. वैताग! असो, गोण्या आहेतच.

३० मार्च
गोणी उचलली, तळ हातात आला. चारही गोण्या कुजलेल्या, माती लालभडक चिखल. कुंड्यांचं पाणी त्यातून गॅलरीच्या पाइपात, पाइपातून थेट दर्शनाताईंच्या दोरीवर. वाकून पाहिलं. त्या वरच बघत होत्या.

३१ मार्च, संध्याकाळी ५.३०
भिजलेलं सॅम्पल लॅबने घेतलं नाही. युनिव्हर्सिटीचं ऑफिस पाचला बंद झालं. तेव्हा मी दर्शनाताईंच्या मोरीत सहा युनिफॉर्म घासत होतो. एकही डाग निघाला नाही. चहा देताना त्यांनी सहज विचारलं, सर, तुमचा अभ्यास नेमका कशावर आहे हो?